दादासाठी चार चांगले शब्द

गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ वारला नाही, आणि या गोष्टीचा बऱ्याच लोकांना मनस्ताप झाला. काहींच्या मनातून तो अजून गेलेला नाही. चूक सगळी माझी होती. दत्तादादाची चूक एवढीच की तो जिवंत होता, आणि तेसुद्धा फारसा आवाज न करता.

दादा साखर कारखान्यात बॉयलरवर होता. वाफेचा दाब किती, पाण्याची पातळी कुठवर, आग किती, हे बघत पाळीभर उभं राहायचं, हे त्याचं काम. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर बॉयलर पेटवायचा कार्यक्रम व्हायचा. चेअरमन सहकुटुंब पूजा करायचे, भटजी मंत्र म्हणायचे, फोटो निघायचे. त्या प्रत्येक फोटोत दादाचं कोपर आहे. नुसतं कोपर! बाकीचा दादा चौकटीबाहेर, बॉयलरकडे बघत उभा. वहिनीनं ते सगळे फोटो भिंतीवर लावलेत आणि आल्यागेल्याला ती बोट ठेवून सांगते, "ह्ये आमचे मालक."

मग कारखाना बंद पडला आणि दादा शेतातल्या वस्तीवर येऊन ओट्यावर बसला. शेत थोडकं, ते वहिनीच बघायची. दादाला करायला काही उरलं नाही, म्हणून तो वहिनीच्या कुकरकडं लक्ष द्यायला लागला. कुकर चुलीवर चढला की हा स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायचा आणि डोळे बारीक करून म्हणायचा, "आता होईल." की शिट्टी व्हायची. "आग कमी कर. शिट्टीचा वाल साफ केला का? पाणी किती घातलंस?" वहिनी वैतागली. मला म्हणाली, "भाऊजी, कुकर लावायची चोरी झालीया. तुरीची डाळ हाय ती, कारखाना न्हाई!"

आम्ही हसलो. पण पावसाळ्यानंतर एक दिवस दादानं कुकरकडं बघणंही सोडलं. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत राहिल्या, डाळ करपली, आणि तो ओट्यावर पाठ करून बसून राहिला. बाजारला येणं त्यानं कधीच बंद केलं होतं. आता बोलणंही बंद झालं. त्या दिवशी मात्र वहिनी घाबरली, आणि खरं सांगायचं तर मीही.

अशात रज्जाकचा फोन आला. रज्जाक म्हणजे दादाच्या हाताखालचा जुना माणूस, आता आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यावर. "सर, इथं बॉयलरवर जागा हाय. दादाच पायजे. फकत एक कागद द्या इंग्रजीत. मानूस कसा हाय, काम काय काय येतं, कामात वागतो कसा, समदं. आन् एका मोठ्या साहेबाचा नंबर द्या, कंपनीवाले पूछताछ करतेत. शनिवारच्या आत पाठवा!"

वहिनीनं देवापुढं दिवा लावला आणि माझ्याकडं वळली. "भाऊजी, तुमी इंग्रजीचे सर. ह्ये तुमीच करायचं. मला तिकडचा पगार-बिगार काय नको. ओट्यावर बसल्यालं ते कोन हाय ते घेऊन जावा आन् माजा मानूस परत आना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् व्हायच्या आदी आफ्रिकेचं नाव भायेर काडायचं न्हाई. नजर लागती. माजी शपथ हाय तुमाला."

मी शपथ घेतली. इथंच सगळा घोळ झाला.

मी नेकनूरला शाळेत इंग्रजी शिकवतो. माझं इंग्रजी आयुष्यभर शाळेच्या दाखल्यांवर पोसलंय. त्यामुळं पहिल्या प्रयत्नात दादा असा उतरला: वर्तणूक चांगली, वर्गात नियमित हजर, पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा. कागद वाचून बायको म्हणाली, "भावोजींना पाचवीत घालायलाव का काय?" मी कागद फाडला आणि वस्तीवर गेलो. म्हटलं, ज्याचे गुण त्यालाच विचारावेत.

"दादा, कामातले तुझे गुण सांग."

"कसले गुन?"

"म्हणजे, तू काय चांगलं करायचास?"

दादानं बराच वेळ समोरच्या लिंबाकडं बघितलं. "माज्या पाळीत बॉयलर फुटला न्हाई," तो म्हणाला.

"आणखी?"

"आनखी काय पायजे बे? फुटला न्हाई म्हनलं की!"

आता जे झालंच नाही ते इंग्रजीत कसं लिहायचं? लग्न झालेल्या माणसाचे गुण सांगता येतात, निवडून आलेल्याचे सांगता येतात. पण काही न फुटू दिलेल्या माणसाचं काय लिहिणार? आणि दुसरी गोष्ट, जी मला त्या ओट्यावर बसल्या बसल्या कळली आणि जिचं मला फार वाईट वाटलं. आम्ही सख्खे भाऊ, पण हा माणूस कामावर कसा होता हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. कोपर सोडून मीही काही बघितलं नव्हतं.

मग ठरवलं, लोकांना विचारू. वही घेतली आणि नेकनूरच्या बाजारात गेलो.

इथं माझ्या तोंडाबद्दल थोडं सांगणं भाग आहे. डोक्यावरचे केस मला सोडून गेले त्याला जमाना झाला. मिशी होती. पण त्याच आठवड्यात शाळेत सगळ्या शिक्षकांचा फोटो निघणार म्हणून मी मिशीला कलप लावला (हौस!), आणि ओठावर असं पुरळ उठलं की डॉक्टरनं मिशीच उतरवायला लावली. उन्हाचा मी डोक्यावर पांढरा टॉवेल घेतला होता. चेहरा तर माझा जन्मापासून कुणाच्या तरी दहाव्याला निघाल्यासारखा आहे. आता आमच्या भागात डोकं गुळगुळीत, ओठ गुळगुळीत आणि तोंड उतरलेलं असा माणूस दिसला की लोक काय समजतात हे लहान पोरालाही माहीत आहे. मला एकट्यालाच ते सुचलं नाही.

पहिला गेलो गणपतच्या हॉटेलात. गणपत आणि दादा एका वर्गातले.

"गणपत, दादाबद्दल चार चांगले शब्द सांग. लिहून घ्यायचेत."

गणपतच्या हातातली गाळणी तशीच राहिली. त्यानं माझ्या ओठाकडं बघितलं, डोक्याकडं बघितलं, आणि हळूच जाऊन टीव्ही बंद केला. भजी खाणारी माणसं भजी हातात धरून उभी राहिली.

"कवा कळलं, सर?"

"काल. रज्जाकचा फोन आला तेव्हा."

"अचानकच म्हनायचं."

"अचानकच. पण एका परीनं बरं झालं, गणपत. नुसतं बसून लई हाल चालले होते त्याचे."

"व्हय. सुटले म्हना." गणपतनं डोळे पुसले. "वैनी कशा हायत?"

"देवापुढं बसल्यात. दिवा लावलाय."

"आन् ह्ये कशापायी लिहून घ्यायलाव?"

"ते आत्ता बोलता यायचं नाही," मी म्हणालो. तेवढ्यात चहाचा असा चटका बसला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "शनिवारच्या आत सगळं उरकायचंय, एवढंच."

गणपतनं शनिवार हे मनात पक्कं धरलं. मग म्हणाला, "लिहा सर. देवमानूस! कुनाच्या आध्यात न्हाई, मध्यात न्हाई. असा मानूस फिरून व्हनार न्हाई." भजीवाल्यांनी माना हलवल्या आणि एकेक जण पुढं येऊन सांगायला लागला. सोन्यासारखा माणूस. वर मान करून कुणाला बोलला नाही. हाक मारली की हजर. मी लिहीत होतो आणि माझा ऊर भरून येत होता. अरे, आपल्या दादावर लोकांचा एवढा जीव! मला खरंच रडू आलं, आणि ते बघून त्यांनाही आलं. चहाचे पैसे गणपतनं घेतले नाहीत. "आज न्हाई, सर," म्हणाला. मला वाटलं, काय दिलदार माणूस आहे.

कापडवाल्यानं तेच केलं. पानवाल्यानं तेच केलं. वही भरली, पण एका गोष्टीनं मी चक्रावलो. एवढ्या सगळ्यांत बॉयलरबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. शेवटी बाजारातूनच मी दादाच्या जुन्या चीफ इंजिनिअरना, देशमुख साहेबांना, फोन लावला. ते निवृत्त होऊन बीडला राहतात. कंपनीला नंबर त्यांचाच द्यायचा होता.

"साहेब, मी दत्तात्रयचा धाकटा भाऊ."

"कळलं मला," साहेब म्हणाले. (बाजारातली बातमी माझ्या आधी बीडला पोचली होती, हे मला काय ठाऊक!) "आत्ताच कानावर आलं. तुम्ही सावरा."

"साहेब, त्याच्याबद्दल चौकशी करायला कुणाचा फोन आला तर चार चांगले शब्द बोलाल ना?"

"बोलेन," ते म्हणाले. "मनापासून बोलेन. आता तरी बोललंच पाहिजे."

त्या 'आता तरी'वर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. घरी आलो, देवमाणूस आणि सोन्यासारखा माणूस यांचं जमेल तसं इंग्रजी केलं आणि कागद पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर ओट्यावर मी आणि दादा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. फाट्यापासूनच हंबरडा ऐकू आला. नांदूरघाटची आमची आत्या, काठी टेकत, पदर तोंडाला लावून येत होती. "दत्ता रं माज्या! म्हातारीला टाकून कसा गेलास रं लेकरा!" ती थेट ओट्यावर आली, माझ्या गळ्यात पडली, मग सवयीनं शेजारच्या माणसाच्या गळ्यात पडली. शेजारचा माणूस दादा होता.

"आत्ये, कावून रडायलीस?" दादा म्हणाला.

"आपला दत्ता गेला रं!"

"कुटं गेला?"

आत्यानं पदर बाजूला करून बघितलं, आणि मग जी किंकाळी फोडली तशी मी जन्मात कधी ऐकली नव्हती. वहिनी हातातली परात टाकून बाहेर आली. तोवर मागून एक जीप भरून पाहुणे उतरले, त्यामागं मोटारसायकली, त्यामागं हातात हार घेतलेला गणपत. दादाच्या हातात शेंगा तशाच. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या. बसा."

कुणी बसेना. मला सगळ्यांच्या तोंडाकडं बघवेना. मी वहिनीची शपथ सांगितली, कलप सांगितला, पुरळ सांगितलं. आफ्रिकासुद्धा सांगून टाकली, आता लपवून काय करणार! पण आनंद झालेला एकही चेहरा मला दिसला नाही. इतक्या लांबून रडत आलेल्या माणसाची फार पंचाईत होते. आत्या तर बसलेल्या घशानं म्हणाली, "मेल्या, निरोप तरी धाडायचा का न्हाई, मेलो न्हाई म्हनून!" हे ती दादाला म्हणत होती.

गणपतनं मला बाजूला घेतलं. "सर, ती वही आनली का? मग माजं देवमानूस खोडा."

"अरे, का?"

"जित्या मानसाला कोन देवमानूस म्हनतं का? त्यानं माजी शिडी नेली आन् मोडकी आनून दिली. तवा मेला म्हनून बोललो न्हाई, मोठ्या मनानं!" कापडवाल्यानंही 'वर मान करून बोलला नाही' मागं घेतलं. जिवंत माणसावर चांगले शब्द वाया गेले म्हणून लोक रागात होते, आणि हार न घालता परत गेले.

त्यातच कळलं की फाट्यावर फ्लेक्स लागलाय. गावातल्या पोरांनी लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दहा-बारा शोकाकुल पोरांचे गॉगल घातलेले फोटो, आणि मधोमध दादा. ओट्यावरून न हलणारा दादा उठला, चप्पल घातली, आणि चालत फाट्यावर गेला. मी मागं मागं. त्यानं तो फ्लेक्स बराच वेळ बघितला. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून पोरांनी त्याचं तोंड काढलं होतं. सबंध तोंड, दोन्ही कानांसकट.

"फोटू बरा आलाय," दादा म्हणाला.

मला हसावं का रडावं कळेना. त्या दिवशी तो इतक्या महिन्यांनी वस्तीच्या बाहेर चालला, आणि तो स्वतःची श्रद्धांजली बघायला.

खरा दणका पुढं होता. माझ्या कागदाला कंपनीचं उत्तर आलं. मी ओट्यावर बसून मोबाइलवर उघडलं आणि परत पहिल्यापासून वाचलं. वहिनी दारात उभी होती. "काय म्हनत्यात? घेतलं का?"

"त्यांना वाईट वाटलंय," मी म्हणालो.

"कशाचं?"

"दादा गेल्याचं."

कंपनीवाल्यांनी देशमुख साहेबांना फोन केला होता, आणि साहेबांनी शब्द पाळला होता. दादानं माझ्याकडं बघितलं. "वाच," म्हणाला.

मी इंग्रजी वाचत एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. दत्तात्रय यांच्या निधनाची बातमी त्यांच्या वरिष्ठांकडून कळली. वरिष्ठ म्हणाले, या माणसाच्या पाळीत कधी कुणाला भाजलं नाही. एकदा बॉयलरला पाणी चढेना, तेव्हा चेअरमन समोर उभे असताना यांनी आग काढायला लावली, कारखाना थांबवला आणि मुकाट्यानं शिव्या खाल्ल्या. वरिष्ठ म्हणाले, हा पाळीवर असला की मी निवांत घरी जाऊन जेवत असे. असा माणूस आमच्याकडे येता येता राहिला, याचं आम्हाला दुःख आहे.

मी थांबलो. मी लिहिलेला सबंध कागद एका बाजूला आणि हे दोन परिच्छेद एका बाजूला. आयुष्यभर इंग्रजी शिकवून मला जे लिहिता आलं नाही, ते त्या अनोळखी माणसानं दादा मेलाय असं समजून लिहिलं होतं.

"परत वाच," दादा म्हणाला.

मी परत वाचलं.

"सायेब असं म्हनले?"

"हो."

"माज्यासमोर कवा म्हनले न्हाईत."

"तू मेलास म्हणून म्हणाले, दादा."

दादानं मान हलवली. "मग बरं झालं म्हनायचं," म्हणाला, आणि डोळ्यांत शेंगांचं फोलपट गेल्यासारखा बराच वेळ डोळे चोळत राहिला. वहिनी आत गेली.

मी साहेबांना फोन लावला. "साहेब, दादा जिवंत आहे."

"नक्की?"

"समोर बसलाय. शेंगा खातोय."

"मग असं करा," साहेब घाईनं म्हणाले, "मी जे बोललो ते त्याला सांगू नका. उगाच डोक्यात जाईल त्याच्या."

"सांगितलं, साहेब."

"अरेरे!"

मी कंपनीला दुसरा कागद लिहिला. त्यात दादाचा गुण एकच टाकला, अर्जदार हयात आहे. त्यांनी पुरावा मागितला. हयातीचा दाखला आणायला गेलो तर ग्रामसेवक म्हणाले, "सर, बातमी आली त्याच दिवशी दुखवट्याचा ठराव घेतलाय. आता हा दाखला कसा देऊ?" दादाला नेऊन समोर उभं केलं तेव्हा कुठं शिक्का बसला. कागद गेला, कंपनीचं अभिनंदन आलं, आणि खाली एक ओळ, की जागा दरम्यानच्या काळात दुसऱ्याला दिली आहे.

वहिनी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. लिंबागणेशच्या गणपतीला बोललेला नारळ तिनं फडताळात तसाच ठेवला. मी महिनाभर वस्तीकडं तोंड दाखवलं नाही. मिशी हळूहळू उगवत होती, तेवढीच काय ती प्रगती.

मग एक दिवस देशमुख साहेबांचाच फोन आला. बहुतेक त्यांना ते 'उगाच डोक्यात जाईल' खात होतं. त्यांच्या भाच्यानं नांदूरघाटाकडं गूळ कारखाना काढला होता. "बॉयलर लहान आहे. पण त्यावर दत्ता असला तर मी भाच्याकडं निवांत जेवायला जाईन," ते म्हणाले. मी विचारलं, "साहेब, इंग्रजीत कागद पाठवू का?" साहेब घाबरले. "नको, नको! तुम्ही काही लिहू नका. त्याला नुसता पाठवा."

दादा गेला. आफ्रिका कुठं आणि नांदूरघाट कुठं! पगार लहान, बॉयलर म्हणजे वहिनीच्या कुकरचा थोरला भाऊ. पण जायच्या आदल्या दिवशी मी वस्तीवर गेलो तेव्हा वहिनीनं चुलीवर कुकर चढवला होता, आणि दादा स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसला होता. "आता होईल," तो म्हणाला. शिट्टी झाली. वहिनी भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत राहिली, आणि तिचे खांदे हलत होते. नारळ तिनं दुसऱ्या दिवशी फोडला.

आता माझी निवृत्ती आली आहे. शाळेत निरोप समारंभ आहे, मानपत्र द्यायचंय, तेही इंग्रजीत, कारण सर इंग्रजीचे. आमचा क्लार्क सरळ माणूस. माझे गुण विचारायला तो बाजारात गेला आणि पहिल्यांदा गणपतच्या हॉटेलात शिरला. गणपतनं टीव्ही बंद केला नाही, गाळणीही खाली ठेवली नाही.

"सर जिते हायत का अजून?" त्यानं विचारलं.

"आहेत की. शाळेत तास घेतायत."

"मग त्येंना म्हनाव, एकदा फसलोय. आदी मयताचा दाखला आना, मग चार काय, चाळीस चांगले शब्द सांगतो!"

कापडवाल्यानं आणि पानवाल्यानं तेच सांगितलं. क्लार्क कोरा कागद घेऊन परत आला आणि ओशाळून माझ्यापुढं ठेवला. शेवटी दार लावून मीच लिहायला बसलो. बराच वेळ डोकं खाजवलं, मिशी चावली, आणि मग माझ्या हातून माझं मानपत्र उतरलं ते असं: वर्तणूक चांगली, वर्गात नियमित हजर, पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा!